कै. पारुबाई यांच्या स्मरणार्थ लिनक्स

जवळा बाजारहून शिरड शहापूरकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो. फाट्यावरच्या शाळेला संस्थापकांच्या वडिलांचं नाव आहे. ते पाटीवर तीन ओळी खातं, म्हणून सगळे तिला फाट्याची शाळा म्हणतात.

या शाळेत १९९९ साली सहा कॉम्प्युटर आले. मुख्याध्यापक शिवहारअप्पा नारळ पहिल्या मॉनिटरच्या डोक्यावरच फोडायला निघाले होते. शिपाई हिरासिंगानं ऐनवेळी त्यांना पायरी दाखवली, म्हणून सहाच्या सहा वाचले. मग शिवणकामाच्या तासाला मुलींनी लाल मखमलीचे झालरवाले अभ्रे शिवले. खोलीबाहेर चपला काढायच्या असं ठरलं. खंडेनवमीला सहाही मशीनना हळदकुंकू लागलं आणि झेंडू वाहिला गेला. तीन नंबरच्या मशीनची फ्लॉपीची फट हेच त्याचं तोंड असणार अशा समजुतीनं अप्पांनी तिथं चिमूटभर साखर ठेवली. पुढची सात वर्षं त्या शाळेत संगणक शिक्षण फक्त मुंग्यांनी घेतलं.

कारण खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली अप्पांच्या करदोट्याला.

विज्ञान आणि संगणक शिकवायला अंजली मॅडम आल्या तेव्हा पहिली अडचण हीच आली. मुख्याध्यापकांकडं किल्ली मागायची म्हणजे त्यांना धोतराच्या निऱ्यांशी झटापट करायला लावायची. अप्पा खाकरायचे. मॅडम भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडं तोंड करून उभ्या राहायच्या. महिन्याभरात त्यांना ईशान्येची राज्यं राजधान्यांसकट पाठ झाली, पण खोली उघडली चारदा.

अंजली मॅडम याआधी दोन शाळांत अतिरिक्त ठरल्या होत्या. मास्तरकीतला हा शब्द ज्यानं भोगलाय त्यालाच कळतो. शाळा तीच, मुलं तीच, फळाही तोच. फक्त एका सकाळी कागद येतो की तुम्ही उरलात. मग दुसरा तालुका, दुसरी खोली, दुसरं पाणी. बरोबर आई, कमलबाई. त्यांना गुडघ्यांमुळं उंबरासुद्धा जपून ओलांडावा लागायचा. जवळा बाजारात त्यांना पहिल्यांदा बऱ्या शेजारणी मिळाल्या होत्या. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या सगळ्या गावाचा हिशेब लावायच्या.

"अंजे, आता इथून मला हलवू नको बाई," कमलबाई म्हणायच्या. "आत्ता कुठं कुणाची सून कुठली ते कळायलंय."

आणि २००६ च्या नोव्हेंबरात शाळेत पत्र आलं. महिन्याभरात तपासणी. सहा संगणक चालू स्थितीत आढळले नाहीत, तर संगणकाच्या शिक्षकाचं पद रद्द.

अप्पांनी पत्र दोनदा वाचून मॅडमच्या हातात दिलं. "तुमच्या नावाचं नाही, पदाच्या नावाचं हाय. मनाला लावून घेऊ नका."

सहांपैकी चालू स्थितीत दोन होते, आणि तेही अप्पांच्या व्याख्येनं, म्हणजे दिवा लागत होता. विंडोज उघडायचं बटन दाबलं की हिरासिंग चहा सांगून, पिऊन, कप विसळून परत यायचा तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरतच असायचं. हिंगोलीच्या बंटीला बोलावलं. बंटीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि डोळ्यावर ढगाळ हवेतही गॉगल. त्यानं एक अभ्रा दोन बोटांनी उचलला आणि खाली सोडला.

"मॅडम, बत्तीस एमबी! एवढी मेमरी तर आता माझ्या मोबाइलात हाय. भंगारात घाला, नवीन घ्या. बराबर लावून देतो."

नवीन घ्यायचे तर प्रस्ताव, मंजुरी, आणि मधे किमान दोन निवडणुका. मॅडमनी औरंगाबादला भावाला फोन लावला. प्रभू तिथं एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. चार दिवसांनी त्यानं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक सीडी आणि पाच फ्लॉप्या पाठवल्या. सोबत चिठ्ठी: ताई, हे लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालतं, आणि त्यातलंही सगळ्यात बारकं. पन्नास एमबीत सगळं बसतं. जुन्या मशीनला हेच झेपेल. सीडीवरून सुरू झालं नाही तर आधी फ्लॉपी घाल.

फाट्याला वीज दुपारी एक ते पाच असायची. तेवढ्या वेळात मॅडम पदर खोचून बसायच्या. पाच फ्लॉप्यांपैकी एकच चालली. दिवाच न लागणाऱ्या चारांच्या कुरतडलेल्या वायरी हिरासिंगानं बदलल्या. तीन नंबरच्या मशीनमधून आधी मुंग्या काढाव्या लागल्या. हिरासिंगानं घरून कापूस आणला आणि फटीतली साखर, कुंकू आणि सात वर्षांची धूळ पुसून काढली. चार नंबरला मेमरी सोळाच एमबी निघाली, तेव्हा हार्डडिस्कचा एक तुकडा वेगळा काढून मेमरीच्या मदतीला दिला. मशीन कुरकुरलं, पण चाललं. पंधराव्या दिवशी सहाही पडदे उजळले. बटन दाबल्यापासून चाळीस सेकंदांत. हिरासिंग चहा सांगायला दारापर्यंत गेला होता, तो तसाच मागं फिरला.

"मॅडम, ह्यानं तर माझा चहाच बुडवला की!"

मॅडमनी हसत अप्पांना बोलावलं. अप्पांनी चपला काढल्या, आत आले. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी सरसर वर पळताना पाहिल्या आणि दोन पावलं मागं सरले.

"हे काहून असं वाचून राहिलंय?"

"स्वतःला तपासतंय सर. झालं की थांबतं."

ओळी थांबल्या. पडदा आला. अप्पांनी चष्मा पुसून सगळे कोपरे न्याहाळले.

"कुणाकडून घेतलं?"

"घेतलं नाही सर. फुकट असतं. जगभरातले लोक मिळून करतात आणि वाटतात. कायद्यानंच वाटतात."

अप्पांचा चेहरा पडला. "फुकट? मंग पावती?"

"पावती कशाची असणार सर?"

"हे बघा मॅडम. शाळेत वस्तू आली आणि पावती न्हाई, तर तिला काय म्हणत्यात? चोरीची. तपासणीला साहेब पयल्यांदा काय मागतो? पावती. आन् पावतीच्या आधी काय? तीन दरपत्रकं. ज्याचा दर कमी त्याचं घ्यायचं."

"पण दरच नाही."

"मंग तसं लिहून आणा. तिघांकडून."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, दिवस दहा उरले होते. मॅडमनी परत प्रभूला फोन लावला. त्याच्या दुकानदार मित्रांपैकी तिघांनी, थोडी चेष्टा म्हणून आणि थोडी ताईसाठी, छापील कागदावर शिक्क्यानिशी लिहून दिलं: लिनक्स, सहा मशीनकरिता. दर: शून्य. तिसऱ्यानं खाली 'वाहतूक वेगळी' असंही टाकलं होतं.

अप्पांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ डोकं इकडून तिकडं फिरवलं.

"तिन्हींचा दर सारखाच हाय."

"हो सर. शून्य."

"मंग हे संगनमत झालं! तीन जण आपसात ठरवून एकच दर देऊन राहिलेत. असली दरपत्रकं घेतली म्हणून शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाची पेन्शन अडकलीय, ठाव हाय का? कमीत कमी एकानं तरी जास्त लावायला पायजे होता."

मॅडम नकाशाकडं तोंड करून उभ्या राहिल्या, किल्ली मागायची नव्हती तरी.

तोडगा अप्पांनीच काढला. दुसऱ्या दिवशी बंटी गॉगल लावून हजर. सोबत बिलबुक, शिक्का, आणि काळ्या मार्करनं 'विंडोज ओरिजनल' असं लिहिलेली एक सीडी.

"सोप्पं हाय मॅडम," बंटी म्हणाला. "ही सीडी मी दोन तालुक्यांत दिली. बिल देतो मी, सहा नग. तुमी फक्त 'मिळाले, बसवले' म्हणून सही करा. मशीनमधी काय ठेवायचं ते ठेवा. कोण बघायलंय?"

"ही सीडी चोरीची आहे ना?"

"चोरीची?" बंटीला खरंच वाईट वाटलं. त्यानं गॉगल काढला. "पक्कं बिल देऊन राहिलो, ताई!"

अप्पांनी बिलावरच्या गोल शिक्क्याकडं वासरू चाटणाऱ्या गायीच्या मायेनं पाहिलं. "ह्याला म्हणत्यात कायदेशीर," ते म्हणाले. "घ्या मॅडम, पेन घ्या."

मॅडमनी पेन घेतलं. सही केली तर पद राहणार होतं. आईच्या शेजारणी, ओटा, सगळं राहणार होतं. पण मॅडमचे वडील जळबा सालगडी होते. काय लिहिलंय ते वाचून न घेता कागदावर अंगठा उठवल्यामुळं त्यांची तीन वर्षं एकाच्या शेतात गेली. तेव्हापासून घरात एकच शिकवण होती: आधी वाचायचं, मग सही. मॅडमनी वाचलं. वाचल्यावर सही करण्यासारखं काही उरलं नाही. पेन खाली ठेवलं.

"नाही जमायचं सर."

"मंग जवळा बाजारातून सामान बांधा," अप्पा म्हणाले. रागानं नाही, हवामान सांगावं तसं.

तेवढ्यात वीज गेली. छताचा पंखा गरगरत हळू झाला आणि थांबला. शाळेतला पंखा थांबला की त्याचा एक उपयोग असतो, पात्यांवरचं वाचता येतं. मॅडम वर बघत राहिल्या. एका पात्यावर 'कै. ज्ञानबा यांच्या', दुसऱ्यावर 'स्मरणार्थ', तिसऱ्यावर 'सप्रेम भेट'. शाळेत कपाट, घंटा, पाण्याची टाकी, सगळ्यांवर कुणी ना कुणी मेलेलं होतं. मुतारीवरसुद्धा एक जण होते.

"सर, ह्या पंख्याची पावती आहे?"

"भेटवस्तूला पावती कुठून असंल? काहून विचारता?"

"दरपत्रकं?"

"काय बोलता मॅडम! देणगीला दरपत्रक!"

"मग लिनक्स देणगी म्हणून घेऊ."

अप्पांनी नियम डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. कुठंच फट दिसेना. बंटीनं बिलबुक खिशात घातलं आणि परत गॉगल लावला.

"देणगीदार कोण?" अप्पांनी शेवटी विचारलं. "शाल-श्रीफळ कुणाला द्यायचं? आन् नाव कुणाचं लिहायचं?"

"जगभरातले हजारो लोक आहेत सर."

"एवढे मावायचे न्हाईत. आन् त्यांच्यात कै. कोण हाय? मेलेलं माणूस लागतंय, त्याबिगर स्मरणार्थ कसं लिहिणार?"

मॅडमनी अप्पांच्या टेबलाच्या काचेखालचा फोटो पाहिला. डोक्यावर पदर, कपाळावर विभूती, नजर समोर. अप्पांच्या आई पारुबाई. जाऊन सहा वर्षं झाली होती. आईच्या नावानं काही करायचं राहून गेलं हे अप्पा दर श्रावणात सगळ्या स्टाफला सांगायचे.

"सर, आईंच्या नावानं अजून कुठं काही नाही ना?"

अप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

पेंटर आला. सहाही मॉनिटरच्या डोक्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं अक्षरं उमटली: 'कै. पारुबाई यांच्या स्मरणार्थ लिनक्स सप्रेम भेट.' प्रभूनं फोटो स्कॅन करून पाठवला. मॅडमनी तो सहाही पडद्यांवर मागं बसवला. मशीन सुरू झालं की चाळीस सेकंदांत पारुबाई पदर घेऊन समोर. अप्पांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात जोडले, आणि आपण जोडले हे कळल्यावर खिशात घातले.

तपासणीचे साहेब ठरल्या दिवशी आले आणि सकाळी अकराला आले. वीज एकला येणार होती. मॅडमनी विनंती केली, "साहेब, दोन तास थांबलात तर सगळं चालू दाखवते." साहेबांना दोन वाजता नरसीला जेवण होतं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात अभ्रे उचलून सहाही डोकी वाचली.

"हे लिनक्स काय आहे?"

"देणगी साहेब," अप्पा म्हणाले. "आमच्या मातोश्री."

"वा. हयात नाहीत?"

"न्हाई साहेब."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. दाता मृत असला की वस्तूबद्दल तक्रार करायला कुणी उरत नाही, हे त्यांना नोकरीत लवकर कळलं होतं. त्यांनी शेरा लिहिला: संगणक सहा, सर्व स्मरणार्थ. पद एक वर्ष कायम. पुढील भेट वीज असताना, न कळवता. विद्यार्थी वापर करताना दिसले पाहिजेत. मग शाल-श्रीफळ झालं. देणगीदाराचे चिरंजीव म्हणून अप्पांनी शाल स्वतःच्या हातानं स्वतःला घातली. नारळ साहेबांना दिला.

कमलबाईंना मॅडमनी घरी जाऊन सांगितलं. "राहिलो आई. एक वर्ष तरी."

पण दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. शिवाय दारावर तोरण.

"सर, मुलींचा तास आहे."

"आता ते नुसते कॉम्प्युटर ऱ्हायले न्हाईत मॅडम. आईचं स्मारक हाय. पोरींचे हात लागतील."

"साहेब न कळवता येणार आहेत."

"येऊ द्या. वास्तू बघून जातील."

चार वाजता अप्पा आपणहून किल्ली सोडत आले. त्यांना दर्शन घ्यायचं होतं. मॅडमनी एक नंबरचं मशीन लावून दिलं. अप्पा समोर खुर्ची ओढून हात बांधून बसले. पारुबाई प्रसन्न होत्या. दहा मिनिटं झाली आणि पडदा काळा झाला.

"अहो मॅडम! आई गेली!"

"काम नसलं की जातात सर. माउस हलवा."

अप्पांनी भीत भीत हलवला. पारुबाई आल्या. दहा मिनिटांनी परत गेल्या. अप्पांना शाळेची इतर कामंही होती. चार वेळा धावत आल्यावर ते दारात उभे राहून घाम पुसत म्हणाले, "कोणी सारखं काही करत बसलं, तर ऱ्हातील का?"

"सहा मशीन सर. एकेका मशीनवर दोन पोरी. एक ते पाच."

"पाळ्या लावा," अप्पा म्हणाले, आणि करदोट्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मॅडमना नकाशाकडं वळावं लागलं नाही.

तेव्हापासून दहावीची आकांक्षा आणि तिच्या मैत्रिणी एक वाजला की खोलीत असतात. एकीनं पत्र लिहायचं, दुसरीनं आईच्या बचत गटाची यादी करायची, आणि कुणीही हात थांबवायचा नाही. पंचक्रोशीत लिनक्स हे नाव काही रुजलं नाही. शेजारच्या शाळेतून फोन येतो, "आमच्याकडं विंडोज बंद पडलंय, तुमच्याकडची पारुबाई द्या की." आणि हिरासिंग रोज एक वाजता दारातून ओरडतो, "मॅडम, पारुबाई उठल्या का?"

पडदा दहा मिनिटांनी काळा होणं बंद करायला एक ओळ टाइप करावी लागते. अंजली मॅडमना ती ओळ पाठ आहे.