पाच गोळ्या पुरेशा नव्हत्या

निवड चाचणी अकराला होती. साडेनऊला शिवलीलाच्या पिस्तुलात पाचव्यांदा काडतुसाची रिकामी पुंगळी अडकली.

तिने चापावरून बोट काढलं, नळी लक्ष्याकडेच ठेवली आणि डावा हात वर केला. जोतिराम सरांनी मॅगझिन काढून पुंगळी मोकळी केली. सर लष्करातून निवृत्त झालेले, सोलापुरातल्या आमच्या रायफल क्लबचे प्रशिक्षक. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून तिथे नोंदी ठेवते.

सरांचं निदान ठरलेलं होतं. पॉइंट टू-टूच्या काडतुसात जोर बेताचाच. त्याच धक्क्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते आणि पुंगळी बाहेर पडते. मनगट सैल असलं की धक्का हातातच जिरतो.

"शिवलीला, हातात पिस्तूल हाय, भाकरीचा गोळा न्हाय."

"लई घट्ट धरलंय की, सर."

काडतुसांचा डबा बदलून झाला होता, मॅगझिनही. मग सरांनी स्वतः पाच गोळ्या झाडल्या. पाचही पुंगळ्या टणटणत फरशीवर पडल्या. सर म्हणाले, आज राखीव नेमबाज सिद्धेश्वरी उतरेल, याच पिस्तुलावर. राज्य स्पर्धेसाठी ही एकच चाचणी होती. शिवलीला कानांवरचे मफ काढून हातात फिरवत राहिली.

मीही वहीत 'मनगट' लिहून मोकळी झाले होते. मग वरची ओळ दिसली: चाळीस गोळ्या, पाच अडथळे. आठात एक. म्हणजे दोष पिस्तुलात असला तरी सलग पाच सुटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त.

"सर, अजून दहा झाडाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझं मनगट तपासतीस व्हय?"

मी हो म्हटलं. त्यांनी मॅगझिन भरलं. दुसरी गोळी सुटली. तिसरीला स्लाइड अर्ध्यावर थांबली, पुंगळी तिच्यात चिमटलेली.

मी वहीतलं 'मनगट' खोडलं.

पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून सरांनी स्लाइड उतरवली. पुंगळी ओढून काढणाऱ्या बारीक आकड्याखाली त्यांनी टाचणी घातली. तेल आणि काजळीने काळा पडलेला चिकट बोळा निघाला. भिंगाखाली त्यात पांढरे तंतू दिसले.

शिवलीलाने लगेच ओळखले. तिचे वडील ईरप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग दुरुस्त करतात. सकाळी माग पुसायचा, भरपूर तेल द्यायचं, मगच चालू करायचा, ही त्यांची शिस्त तिने पिस्तुलालाही लावली होती. पुसायला टॉवेलचे नवे, न धुतलेले, तंतू सुटणारे तुकडे. सरांना ते इतके आवडले होते की त्यांनी क्लबच्या कपाटातही एक गठ्ठा ठेवून घेतला होता.

सरांनी स्वतःचा जुना, विरलेला रुमाल फाडून आकडा साफ केला आणि तेलाचा एकच थेंब दिला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ दहाच गोळ्यांपुरता उरला. दहाही सुटल्या.

"झालं नव्हं, ताई?" शिवलीलाने विचारलं.

"दहावरून खात्री देता येत नाही."

ती सरांकडे वळली. त्यांनी यादीतलं सिद्धेश्वरीचं नाव खोडलं.

चाचणी साठ गोळ्यांची होती. मी लक्ष्याकडे पाहिलंच नाही, फरशीवर पडणाऱ्या पुंगळ्या मोजत राहिले. आठवी पडली. सोळावी पडली. चाळिसावीनंतर सर माझ्याशेजारून उठले आणि कपाटातला गठ्ठा काढून बाहेर ठेवून आले. परत बसताना त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

"एक्कावन्न."

बावन्नावी पडली.