चौथं स्वप्न

हसितने बापूजींच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. समोर सिंहाचं चांदीचं स्वप्न दोरीने वर ओढलं जात होतं, आणि जैन उपाश्रयातली सगळी मंडळी सावरून बसत होती. आता लक्ष्मीची पाळी होती.

"बापूजी, यंदा राहू द्या," तो कुजबुजला. "दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या."

छबिलदास कोठारींनी मुलाचा हात उचलला आणि त्याच्याच मांडीवर ठेवून दिला.

आमच्या गावात श्रीमंत कोण आणि नुसता खाऊनपिऊन सुखी कोण, हे ठरवायला कोणाची तिजोरी उघडावी लागत नाही. पर्युषणात, महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी, त्यांच्या आईला पडलेली चौदा स्वप्नं, चांदीत घडवलेली, माडीवरून खाली उतरतात आणि एकेकाला हार घालण्याच्या मानाची बोली होते. बोली तुपाच्या मणांत. तूप कोणी आणत नाही. मणाचा भाव जैन संघाने बांधून दिलाय, तेवढे पैसे भरायचे. हत्ती, बैल, सिंह कोणीही घ्यावेत. चौथं स्वप्न लक्ष्मीचं. ते ज्याने घेतलं तो वर्षभर गावाचा शेठ. कित्येक वर्षं ते कोठारींकडेच जात होतं. म्हणूनच गावातल्या विधवा, निवृत्त मास्तर, पोस्टातले लोक आपली पुंजी त्यांच्या जिऱ्याच्या पेढीवर आणून ठेवत. बँकेचा मॅनेजर बदलतो, कोठारी कुठे जाणार?

ती पुंजी हसितने वायदेबाजारात घालवली होती. जिरं चढणार, चढणार, असं जो तो सांगत होता, आणि एका उन्हाळ्यात होत्याचं नव्हतं झालं. बापूजींना सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. बाजारात मात्र कुजबुज सुरू झाली होती. लोक राम राम करताना आता जरा जास्तच वेळ तोंडाकडे बघत.

चांदीची लक्ष्मी डुलत डुलत खाली आली.

"बोला, लक्ष्मीदेवी!" पुकारणारे नवीनभाई ओरडले. "पाचशे मण!"

"सहाशे," तेलघाण्याचे सेवंतीभाई म्हणाले आणि मान वळवून हसले. "काय छबिलभाई, यंदा लक्ष्मी माहेरीच राहणार, का आम्ही दुसरं स्थळ बघू?"

सगळे हसले. छबिलदासही हसले.

"स्थळ बघा की. पण मुलीने हो म्हणायला पाहिजे ना! सातशे."

"आठशे."

हसितला राहवलं नाही. त्याने तोंड बापूजींच्या कानाशी नेलं. "बापूजी, पेढीत काही नाही. मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"माहीत आहे," बापूजी मान न वळवता म्हणाले. "श्रावणातच कळलं. तोंड सरळ ठेव. लोक बघतायत."

हसित सरळ बसला. शेजारी बापूजींचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. गेल्या वर्षीचा आकडा केव्हाच मागे पडला होता. सेवंतीभाई थोडं थोडं चढवत होते, आणि बोलीपेक्षा कोठारींच्या चेहऱ्याकडेच त्यांचं जास्त लक्ष होतं. चेहऱ्यावर काही सापडलं नाही तेव्हा त्यांनी हात जोडले.

"तुमचीच हो, शेठ. तुमचीच."

थाळ्या वाजल्या. कोणीतरी छबिलदासांच्या कपाळाला केशर लावलं. हसितलाही धरून उभं केलं आणि त्याच्या हातात हाराचं दुसरं टोक दिलं.

घरी परतताना बापलेक मुद्दाम मागच्या गल्लीने आले.

"पाटण रस्त्यावरची जमीन विकून टाकली मी," छबिलदास म्हणाले. "निम्मे देवाला भरीन. निम्मे लोकांचे."

"सगळेच लोकांना द्यायचे होते, बापूजी! ही बोली कशाला?"

"सगळे दिले असते तरी पुरले असते का? आणि पहिले कोणाला देणार होतास? बोलीत माझा हात खाली राहिला असता तर उद्या सकाळी दारात रांग लागली असती. जो दांडगा तो घेऊन गेला असता, आणि मोंघीबासारखी म्हातारी मागे उभी राहिली असती." ते थांबले, भिंतीला टेकून त्यांनी दम खाल्ला. "आता दिवाळीपर्यंत कोणी येत नाही. तेवढ्यात गरिबांचे गुपचूप देऊन टाकू. आधी मोंघीबाचे. पुढचं पुढे."

हसित रडायला लागला. बापूजींनी त्याला रडू दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिवाजाप्रमाणे लोक घरोघरी हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत फिरू लागले. मोंघीबाही आली. नवरा गेल्यापासून ती घरोघर खाखरे विकत आली होती. खाखऱ्यांतून उरलेला पैसा न् पैसा कोठारींच्या पेढीवर होता. मागे नर्सचं शिक्षण घेणारी एक नात, एवढंच तिचं माणूस. श्रावणात तिने पैसे परत मागितले होते आणि छबिलदासांनी पर्युषणानंतर देतो म्हणून सांगितलं होतं.

तिला त्यांनी आतल्या झोपाळ्यावर बसवलं. फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणून तिच्या ओटीत ठेवली.

"घ्या, मोंघीबा. तुमचे सगळे. व्याजासकट. मोजून घ्या."

मोंघीबा पुरचुंडीकडे बघत राहिली. मग तिचा चेहराच पडला.

"रागावलास ना छबिल?"

"छे, छे! राग कसला?"

"मेली ती माझी जीभ! बाजारात कोणी काय भुंकलं आणि मी लगेच धावत आले मागायला. आणि परवा तू भर उपाश्रयात लक्ष्मीला हार घातलास! मला तोंड लपवायला जागा राहिली नाही." तिने पुरचुंडी झोपाळ्यावर ठेवली आणि लांब सारली. "हे ठेव. नातीचं लग्न फाल्गुनात आहे, तेव्हा घेईन."

"नाही, आत्ताच न्या," छबिलदास घाईने म्हणाले. "माझं ऐका. बँकेत ठेवा, पोस्टात ठेवा..."

"बघ, म्हणजे रागावलाच आहेस! म्हातारीला अशी दारातून हाकलू नकोस रे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बँकेत माझं कोण आहे?"

हसितने पुरचुंडी उचलली. "मोंघीबा, घ्या ना. बापूजी बरोबर सांगतायत. आमच्याकडे नका ठेवू. खरंच नका ठेवू."

"ऐकलंस? पोरगाही तसाच, बापावर गेलाय," मोंघीबा डोळे पुसत हसली. "दुसरा असता तर दाबून बसला असता." ती उठली, हात जोडून म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम्, छबिल. संशय घेतला, माफ कर."

छबिलदास तिच्यासमोर खाली वाकले, पार तिच्या पायांपर्यंत.

"मिच्छामि दुक्कडम्, मोंघीबा," ते म्हणाले. "मला माफ करा. मला माफ करा."

"अरे, ऊठ ऊठ. वर्षाचा सण आहे, सगळेच मागतात," ती म्हणाली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून निघाली.

ती ओट्यावर थांबून कोणाशी तरी बोलत होती, ते आत स्पष्ट ऐकू येत होतं. "आपणहून परत देत होते! व्याजासकट! पैसा उतू चाललाय म्हणून तर असं करता येतं."

हसित पुरचुंडी हातात घेऊन तसाच उभा होता. तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. पोस्टातून नुकतेच निवृत्त झालेले जयंतीभाई हात जोडून आत आले. काखेत कापडी पिशवी होती.

"मिच्छामि दुक्कडम्, शेठ. आत्ताच मोंघीबा भेटल्या. म्हटलं, फंडाचे पैसे आलेच आहेत, तर ठेवावेत तुमच्याकडेच." त्यांनी पिशवी पुढे केली. "तुम्ही नको म्हणाल, ते माहीत आहे. पण मी काही आता ऐकणार नाही."

छबिलदासांनी मुलाकडे पाहिलं. मग झोपाळा हाताने थांबवला.

"या," ते म्हणाले. "बसा."