यंत्रानंदांचं संजीवन तेल

त्या रविवारी विद्यानगरच्या मैदानावर माणसांपेक्षा मोटारींच्या गळ्यात हार जास्त होते. जुन्या, खंगलेल्या गाड्या बॉनेट उघडून रांगेत उभ्या होत्या आणि बायका इंजिनांना ओवाळत होत्या. एका रेडिएटरवर कुंकू वाहिलेलं मी स्वतः पाहिलं. मंचावर यंत्रानंद महाराज पितळी नरसाळं उंचावून विचारत होते, "बोलो, धुआँ किसका?"

"करमों का," मैदान ओरडत होतं. त्यात आमचे भावोजी सगळ्यांत पुढे.

भावोजी म्हणजे बाळकृष्णराव, माझ्या वासंतीताईचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एरवी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरही शंका घेणारे. पण महिन्याभरापूर्वी त्यांच्या पंचवीस वर्षांच्या गाडीतून निळा धूर येऊ लागला होता. महाराजांनी जुनं तेल काढून आपलं संजीवन तेल ओतलं, मंत्र म्हटला आणि थोडा वेळ खोकून गाडीचा धूर थांबला. इंजिनाची खडखडही बसली. तेव्हापासून भावोजी तरंगत होते.

"अनिल, अरे, माझ्या डोळ्यांदेखत झालं," ते मला म्हणाले. "याला काय म्हणशील?"

वासंतीताई चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत आली होती. तिने एवढंच विचारलं, "मग रोज सकाळी गाडी सुरू करताना तेलाचा लाल दिवा इतका वेळ का जळतो?"

"महाराज म्हणतात, पाप रात्री थोडं परत येतं."

इथवर गंमत होती. पण त्या रविवारआधीच्या गुरुवारी भावोजींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून कपाटात ठेवून दिल्या. महाराजांनी सांगितलं होतं की इंजिन आणि हृदय एकच. रविवारी 'हृदयाभिषेक' होणार, म्हणजे दुधात चमचाभर संजीवन तेल. ते प्यायचं. ताईने समजावलं, रागावली, रडलीही. भावोजी शांतपणे म्हणाले, "तुझं सगळं पुस्तकातलं. मी पाहिलंय."

"ठीक आहे," ताई म्हणाली. "मग पाहूनच ठरवू."

म्हणून त्या रविवारी ती मैदानावर आली ती स्टीलचं मोठं ताट आणि आबिड्सच्या बाजारातल्या दुकानातून आणलेले मोटारतेलाचे तीन डबे घेऊन. मला वाटलं, हिला तिथून उचलून बाहेर काढतील. पण ती सरळ मंचावर चढली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, आपल्या तेलाची थोरवी लोकांना दाखवायची आहे. परवानगी असावी."

थोरवी म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? महाराजांनी मान डोलावली.

ताईने ताट तिरकं धरलं आणि वरच्या कडेला चार थेंब टाकले, तीन आपल्या डब्यांतले आणि एक महाराजांच्या तेलाचा. "हा पहिला, नव्या गाड्यांत घालतात ते पातळ तेल. आमच्या ह्यांनी सगळ्यांत महाग म्हणून जुन्या गाडीत घातलं होतं, तेच. दुसरा, जुन्या इंजिनाचं साधं तेल. तिसरा, महाराजांचं संजीवन. आणि चौथा, ट्रकच्या गिअरमध्ये घालतात ते."

पहिला थेंब सुसाट निघाला. लोक आरडाओरडा करत पुढे सरकले. "चल, चल," कुणीतरी थेंबाला हाक मारली. दुसरा बेताने उतरला. संजीवनचा आणि गिअरच्या तेलाचा थेंब मात्र शेजारीशेजारी, लग्नातल्या जोडप्यासारखे, एकाच संथ चालीने खाली आले.

"वासही घ्या," ताई म्हणाली. "तिसऱ्यात अत्तर आहे. बाकी तिसरा नि चौथा भाऊ-भाऊ."

महाराज गरजले, "अम्मा, तेल तो बहाना है. असर मंतर का है."

"तर मंत्राशिवाय करून पाहू."

पद्मावतीबाई नावाच्या एका भक्तिणीची म्हातारी व्हॅन रांगेत पहिली होती, धुराचा लोट सोडणारी. महाराजांच्या माणसाने अभिषेकासाठी तिचं पाण्यासारखं पातळ झालेलं तेल आधीच काढून ठेवलं होतं. ताईने बाईंना विचारून साधं, दुसऱ्या थेंबाचं तेल तिच्यात ओतलं, व्हॅन सुरू करायला लावली आणि मला म्हणाली, "अनिल, पाढा म्हण."

मी सगळ्या मैदानासमोर बेचा पाढा म्हटला. 'बे नवे अठरा'ला व्हॅनचा धूर विरळ झाला आणि 'बे दाहे वीस'नंतर निम्म्याहून कमी उरला. पद्मावतीबाई इतक्या हसल्या की त्यांना व्हॅनला टेकून उभं राहावं लागलं. मागून कुणीतरी विचारलं, "तीनचा पाढा म्हटला तर मायलेज बी वाढतंय का, मियां?"

हशा ओसरल्यावर ताई म्हणाली, "थोडा धूर अजून आहे, तो मेकॅनिकचं काम. जुन्या इंजिनात आतले भाग झिजतात, फटी रुंदावतात. पातळ तेल फटीतून आत जाऊन जळतं, तोच निळा धूर. फार दाट तेलाने फटी बुजतात, आवाज दबतो. पण सकाळी इंजिन गार असताना तेच तेल वरपर्यंत वेळेवर चढत नाही. तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतं. लाल दिवा पापाचा नाही, कोरड्या इंजिनाचा." मग तिने चमचाभर संजीवन अभिषेकाच्या दुधात ढवळलं आणि महाराजांपुढे धरलं. "हृदयाभिषेक आधी आपण करावा."

महाराजांनी दुधाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "आज हमारा उपवास है," ते म्हणाले.

त्यानंतर मैदानात जो हशा पिकला, त्यात मंच केव्हा रिकामा झाला ते कुणाला कळलंच नाही.

परतीच्या वाटेवर भावोजी हळूच म्हणाले, "वासंती, मला तेलाचं काही नव्हतं गं. जुनं झालेलं पुन्हा धडधाकट होतं, असं कुणीतरी सांगायला हवं होतं."

"होतं की," ताई म्हणाली. "पण त्याला जे लागतं ते द्यावं लागतं." आणि तिने पर्समधून रक्तदाबाची गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

वाचकहो, तुमची गाडी जुनी असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत कुठलं तेल सांगितलंय ते बघा, इंजिन किती झिजलंय ते चांगल्या मेकॅनिकला विचारा. देहाचं डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा तरी तोच खेळ मंत्राशिवाय करून बघा.