वाजून बंद झालेला फोन

“भेंडी आण, अन् कोथिंबीरची जुडी... नागसेन? अरे बोल ना बापा! नागसेन!”

आई फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. पलीकडे ब्रेक करकचले होते, कुणीतरी किंचाळलं होतं. मग भलताच आवाज आला, ट्रॅफिक पोलिसाचा.

“माताजी, लड़का ठीक है. हेलमेट में फोन ठूंसके गाड़ी चला रहा था. साइकिल वाली बच्ची बाल-बाल बची है. चालान कटेगा.”

आईने गॅस बंद केला आणि दारात जाऊन बसली.

आमच्या घरचा कायदा सरकारच्या कायद्याहून कडक. फोन वाजला की उचलायचाच. बाबांना ड्युटीवर छातीत कळ आली, त्या दुपारी आई त्यांना फोन लावत राहिली आणि तो लॉकरमध्ये वाजत राहिला. तेव्हापासून फोन उचलला नाही म्हणजे माणूस गेला, असंच ती धरून चालते. मी आंघोळीलाही फोन नेते. लोक हसतात, हसोत! माझ्या भावाने मात्र फोन हेल्मेटमध्ये कोंबायची युक्ती काढली. मायेचीच म्हणायची, पण बैलबुद्धीची.

नागसेन घरी आला तो कोपर खरचटूनच.

“गाडीवर कावून उचलला रे?” आईने विचारलं.

“मंग काय करू? एकदा नाही उचलला तं तू शेजारच्या बाबुलालकाकाले घेऊन नेहरू नगरले आली. माह्या क्लासमंदी, सगळ्या पोरांसमोर रडली!”

“बाजूले थांबून उचलाचा ना.”

“थांबतवर रिंग बंद होते. मंग तू पुन्हा लावते, पुन्हा लावते.”

आई त्याच्या कोपराला हळद लावत होती. तिचा हात थांबला.

“ते पोरगी लय भेली का रे?”

“रडून राहिली होती.”

“तिची बी माय घरी वाट पाहून राहिली असंल,” आई म्हणाली. तिने हळदीची वाटी बाजूला ठेवली. शेवटी म्हणाली, “गाडीवर असला तं नको उचलू आता.”

“अन् तू?”

“माह्यं मी पाहीन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तवा ठेवला आणि सवयीने तिने फोन लावलाच. रिंग वाजत राहिली आणि वाजून बंद झाली. आईचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं, पण तिने फोन पालथा ठेवला आणि भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं.

“गाडीवर असंल तो,” ती त्यांना म्हणाली.

मग पोळी लाटायला बसली. तीच एक पोळी लाटत राहिली. फाटकाची कडी वाजली तेव्हा पोळी पोळपाटाला चिकटून फाटली होती. आईने पदराने डोळे पुसले, त्या पोळीचा पुन्हा गोळा केला आणि नव्याने लाटायला घेतली.