बोळातल्या एकोणीस गाड्या

मी सर्जेराव. तीस वर्षं एसटी चालवली. जालन्याची वाहतूक मला कॉम्प्युटरनं शिकवू न्हाई, असं माझं मत. पण भाचीचं, आकांक्षाचं, कामच ते. तिनं अख्खं शहर कॉम्प्युटरात बसवलं होतं. त्यातली हरेक गाडी आपला जवळचा रस्ता आपणच शोधायची, तिथं तुंबलं की दुसरा धरायची. उत्तर यायला नऊ तास. अन् उत्तर काय, तर मस्तगडामागच्या बोळातून सकाळच्या पारी सहाशे गाड्या! तिच्याच सांगण्यावरून मी स्वतः तिथं खुर्ची टाकून मोजल्या होत्या. एकोणीस भरल्या, त्याबी ऊन चढायच्या आधी.

सोमवारी महापालिकेत मीटिंग होती, काम त्यांचंच. आकडे जुळले न्हाईत तर काम पुण्याच्या कंपनीला अन् पोरगी घरी. चार दिवस ती बराबर जेवली न्हाई. शेवटी माझ्यावरच घसरली. "मामा, तुम्ही मोजताना झोपले तर नव्हते ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं बस गाडीवर, तुझ्या डोळ्यानं पाह्य.

बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत साड्या अंथरल्या होत्या अन् त्यावर कुरडया वाळत होत्या. मधी बोळातल्याच तुळजाबाई राखणीला बसल्या होत्या. एक रिक्षावाला आला, त्यानं पाह्यलं अन् गुमान मागं फिरला. हॉर्नबी वाजवला न्हाई.

आकांक्षा माझ्याकडं पाहूनच राह्यली. हे कागदावर का न्हाई लिहिलं, म्हणे. आता यात लिहायचं काय? कुरडयांवरून गाडी घालतं का कोणी? पण चूक माझीच होती. तिनं गाड्या लिहा म्हटलं, मी गाड्या लिहिल्या.

तिनं कॉम्प्युटरात उन्हाळ्यापुरता तो बोळ ऊन चढल्यापासून सांजेपर्यंत बंद केला. नऊ तासांनी आकडे जुळले. मला लई आनंद झाला, अर्धा किलो जिलेबी घेऊन आलो.

मीटिंगला मलाबी नेलं. मोठ्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं अन् विचारलं, हा रस्ता बंद करायचा हुकूम कुणी काढला? आमच्या ऑफिसातून तर गेला न्हाई.

मला वाटलं, गेलं काम.

"तुळजाबाईंनी, साहेब," आकांक्षा म्हणाली. "कुरडया वाळत घातल्यात."

साहेब हसले न्हाईत. चष्मा काढून पुसत बसले. मंग म्हणले, "काम तुमच्याकडंच ठेवा. अन् आमची गल्लीबी बंद दाखवा. आईनं शेवया घातल्यात, मी आज गाडी चौकात लावून पायी आलो."