कोरी काच

त्या काळी नाईलच्या खालच्या मुलखात लघवी लाल झाली की मुलगा वयात आला, असंच समजत. कालव्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून शेतं भिजवायची, तर पाण्यातले जंत अंगात शिरणारच. आया घाबरत नसत. पुढे उतारवयात मूत्राशयाचा कॅन्सर निघायचा, तेव्हा त्या लालीची कुणाला आठवणही नसायची.

हा कॅन्सर पुन्हा रक्त दिसण्याआधीच, लघवीतल्या पेशी काचेवर घेऊन ओळखता येईल का, हे शहरातल्या इस्पितळातली डॉक्टर विजदान शोधत होती. इस्पितळातल्या रोग्यांच्या काचा तिच्यापाशी होत्या. धडधाकट माणसांच्याही हव्या होत्या, पण तिच्या गावातले पुरुष लघवीच्या नमुन्याची बाटली बघूनच तोंड फिरवत. शेवटी तिचे वडील, हाज मितवल्ली, कहवाखान्यात बाटली उंच धरून उभे राहिले.

"पोरीनं बापाकडे सोनंनाणं नाही, हे मागितलंय. मी देतो. तुम्ही काय नव्या नवरीसारखे लाजताय?"

सगळे हसले आणि सगळ्यांनी दिली.

त्याच वडिलांच्या काचेवर, एका कोपऱ्यात, विजदानला तो पुंजका दिसला. पेशींची मोठमोठी, काळीकुट्ट, चुरगळल्यासारखी केंद्रकं. कॅन्सरच्या रोग्यांच्या काचांवर असे पुंजके ती रोज बघायची. तिने शेजारच्या टेबलावरच्या शुक्रीला बोलावलं.

"कोणाची?" त्याने विचारलं.

"बाबांची."

एरवी थट्टेशिवाय न बोलणाऱ्या शुक्रीने नुसता चष्मा पुसला. "दुसरा नमुना आण," म्हणाला.

शुक्रवारी ती गावी गेली.

"बाबा, परत एकदा बाटली भरून द्यावी लागेल."

"का? पहिली सांडलीस?"

"हो."

"तुझी आई म्हणायचीच, हिच्या हातात पेला टिकत नाही. बस, आधी जेव."

मुलूखियाच्या पालेभाजीच्या रश्शात भाकरी बुडवताना तिने सहज विचारल्यासारखं केलं, "लघवीत कधी रक्त दिसलं होतं का हो?"

"दिसलं तर. पोरगा होतो तेव्हा. माझ्या आईनं आळीभर मिरवलं, लेक पुरुष झाला म्हणून." हाज मनापासून हसले. विजदानने रिकामी बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

दुसरी काच स्वच्छ निघाली. पण तेवढ्याने तिचा जीव थाऱ्यावर येईना. गाठ काही रोज पेशी सोडत नाही. ती पुन्हा पहिल्या काचेकडे वळली आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक हळूहळू फिरवत राहिली. बाबांच्या पेशी स्पष्ट झाल्या की पुंजका धूसर व्हायचा, आणि पुंजका स्पष्ट झाला की बाबांच्या पेशी पाण्यात बुडाल्यासारख्या दिसायच्या.

"शुक्री, हा पुंजका वरून येऊन बसलाय रे."

पेशी रंगवायचं औषध परदेशातून यायचं आणि बंदरात अडकून पडायचं. म्हणून एकच बरणी पुरवून पुरवून वापरायची, याचा सगळ्यांना कोण अभिमान. रोग्यांच्या काचा त्याच बरणीत बुडायच्या आणि गावकऱ्यांच्याही त्यातच.

विजदानने एक कोरी काच घेतली, त्या बरणीत बुडवली, सुकवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जिच्यावर कुणाच्याच पेशी नव्हत्या, त्या काचेवर तसाच काळा पुंजका.

"घ्या," शुक्री म्हणाला, "काचेला कॅन्सर झाला. आपल्या काटकसरीचा पराक्रम."

कितीतरी दिवसांनी त्याने थट्टा केली होती. विजदान स्टुलावर बसली आणि हसता हसता रडली.

तरी खात्री हवीच. मोठ्या डॉक्टरांनी हाजच्या मूत्राशयात नळी घालून आत पाहिलं. "जंतांचे जुने डाग आहेत, वाळू पसरल्यासारखे. त्यापलीकडे काही नाही. घेऊन जा त्यांना."

परतताना बसमध्ये तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं. हाज खिडकीकडून तिच्याकडे वळले.

"म्हणजे दुसऱ्याचं दुखणं माझ्या काचेवर येऊन बसलं. त्या बिचाऱ्याचं काय झालं?"

"तुमच्या आधी ज्याची काच बुडवली, त्याचाच असणार तो पुंजका. त्याच्या आजाराचं आधीच कळलं होतं. ऑपरेशन झालं. आता बरा आहे."

"अल्हमदुलिल्लाह. आणि तुझ्या त्या बाकीच्या काचा?"

"सगळ्या फुकट गेल्या, बाबा. पहिल्यापासून सुरुवात."

कहवाखान्यात बाटल्या परत आलेल्या बघून पुरुष कुरकुरले. हाजनी आपली बाटली उचलली आणि दाराशी थांबून म्हणाले, "चला, उठा. मागच्या खेपेस आपल्या दोक्तोरा पोरीनं सगळ्यांना एकाच भांड्यात बुडवलं. आता गावासाठी वेगळं भांडं ठेवलंय तिनं."