अर्थिंगचा जोड

साठी उलटून दोन वर्षं झाली तरी घरात आणि गल्लीत तो धाकटाच होता. थोरला भाऊ आहे तोवर मला म्हातारं व्हायची सोय नाही, असं तो पूर्वी गमतीने म्हणायचा. हल्ली त्यातली गंमत निघून गेली होती, वाक्य तेवढं सवयीने तोंडात राहिलं होतं.

घराच्या मागच्या अंगाला साठ फुटी लोखंडी टॉवर होता. तो दादाने उभा केलेला, आणि त्याच्या जिवावर माडीवरच्या खोलीत बसून जगभराशी गप्पा मारायच्या धाकट्याने. हौशी रेडिओचे परवाने दोघांनी एकाच वर्षी काढले, पण दादाचा परवाना कपाटातच पडून राहिला. त्याला बोलण्यात रस नव्हता. त्याचा जीव लोखंडात, तांब्यात आणि जमिनीत. शहरातल्या निम्म्या हौशी मंडळींचे टॉवर त्याच्याच हातचे, आणि प्रत्येकाला त्याने एकच बजावलेलं: वर हवं ते लावा, आधी खाली काय आहे ते दाखवा.

खाली म्हणजे अर्थिंग. टॉवरच्या पायांशी आठ-आठ फुटी तांब्याच्या सळया जमिनीत ठोकायच्या आणि पट्टीने एकमेकींना जोडायच्या. घरच्या विजेचं अर्थिंग वेगळं, मीटरच्या बाजूला. बहुतेक लोक इथे हात झटकतात. दादा मात्र टॉवरपासून घरापर्यंत चर खणून पट्टी न्यायचा आणि भिंतीलगत विटांचं एक लहानसं चेंबर बांधून त्यात दोन्ही अर्थिंग दोन बोल्टांनी एकत्र आवळायचा. वीज कोसळली तर घर आणि टॉवर या दोघांचा विजेचा दाब एकदमच चढला पाहिजे आणि एकदमच उतरला पाहिजे. दोघांत फरक पडला, तर जो कोणी दोन्हीकडे हात लावून उभा असेल त्याच्यातून वीज वाट काढते. हे तो पोराबाळांनाही समजेल असं सांगायचा, आणि धाकट्याने ते शंभरदा ऐकलं होतं.

दादाची आणखी एक खोड होती. बोल्ट आवळून झाला की नटावरून बोल्टावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट पुढेमागे सैल झाला किंवा कोणी फिरवला, की रेघ तुटते आणि नुसतं बघून कळतं. रंग कुठला, तर वहिनीचं लालभडक नेलपॉलिश. वहिनी म्हणायची, लोकांच्या बायकांच्या बाटल्या बोटांना लावून संपतात, माझी टॉवरला लावून संपते. म्हणायची आणि पुढची बाटली स्वतःच त्याच्या हत्यारांच्या पिशवीत टाकायची.

अकरा वर्षांपूर्वी वहिनी त्याच टॉवरच्या वायरीने गेली.

दुपारची वेळ होती. दादा कामावर, धाकटाही बाहेर, घरात ती एकटी. आभाळ भरून आलं की सेटच्या पाठीमागची अँटेनाची वायर काढून ठेवायची, हा घरचा नियम, आणि जो शेवटी माडीवरून उतरेल त्याने ती काढूनच उतरायचं, हाही. धाकटा त्या दिवशी विसरला. गडगडाट ऐकून वहिनी वर गेली. एका हाताने घरच्या विजेवरचा सेट धरून दुसऱ्या हाताने टॉवरची वायर सोडवत असताना टॉवरवर वीज पडली. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात हलवलं, पण तिथल्या लोकांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वायर काढायला मी विसरलो, हे धाकट्याने सगळ्यांना सांगितलं. दादाला सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, न विचारताही सांगितलं. लोकांना त्याची कीव आली. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "विसरायला होतं माणसाला." धाकट्याने एवढा गळा काढून जे कबूल केलं, ते खरंच होतं. पण मोठं पाप झाकायला लहान पाप पुढे करणारा माणूस खरं बोलतो म्हणून त्याला भला समजायचं कारण नाही. मोठं पाप चेंबरमध्ये होतं आणि ते त्याने कोणालाही सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. दूरच्या एका बेटावर हवामानाच्या केंद्रात एकटाच राहणारा एक माणूस धाकट्याचा रेडिओवरचा दोस्त होता. त्याचा आवाज आधीच क्षीण, त्यात घरच्या विजेची घरघर अर्थिंगवाटे सेटमध्ये शिरायची आणि त्याचं बोलणं गिळून टाकायची. धाकटा महिनाभर घरभर कुरकुरत होता. चेंबरमधला जोड सोडला तर घरघर थांबेल हे त्याला माहीत होतं, आणि दादा तो जन्मात सोडू देणार नाही हेही. म्हणून त्याने विचारलंच नाही. दादा कामावर असताना झाकण उचललं, दोन नट काढले, पट्ट्या वेगळ्या केल्या. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, मग परत आवळू, दादाला कळणारही नाही. नवव्या दिवशी वीज पडली.

चौथ्या दिवशी, माणसं पांगल्यावर, दादाने चेंबर उघडलं तेव्हा जोड आवळलेला दिसला आणि नटांवरची रेघ अखंड. अर्थिंग मोजायचा मीटर लावला तर आकडा हवा तसा. दादा पावसात चेंबरपाशी बसून राहिला. मग त्याने जोडावर ग्रीस थापलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि झाकण लावलं. चूक सापडली असती तर तो ती घेऊन कसाबसा जगला असता. सगळं बरोबर असूनही बायको गेली, म्हणजे आपल्याला यातलं काहीच कळत नाही, असा त्याने अर्थ काढला. त्यानंतर त्याने एकही टॉवर उभा केला नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी टॉवरशी मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा, मान हलवायचा. धाकटा दरवर्षी मीटरची वायर धरून उभा राहायचा. सेटला त्याने त्या दिवसापासून हात लावला नव्हता, पण तो नियम दादाने घातलेला नव्हता, त्याचा त्यानेच घातला होता आणि त्याने काही फिटत नव्हतं.

यंदा शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना नवा परवाना मिळाला होता आणि घरी टॉवर उभा करायचा होता. दादांनीच करावा, असा त्यांनी तीनदा आग्रह केला. दादा म्हणाला, माझ्या हाताचा भरवसा नाही, हवा तर माझा टॉवर काढून घेऊन जा, उभा दुसऱ्याकडून करा. बाई हिरमुसल्या, पण सोमवारी ट्रक आणि वेल्डर पाठवायचं कबूल करून गेल्या.

टॉवर जाणार म्हटल्यावर दादाला एकच ध्यास लागला. लोखंड निघायच्या आत जमिनीखालचं सगळं उघडून बघायचं. कुठे पट्टी कुजली असेल, कुठे सळई तुटली असेल, काहीतरी असलंच पाहिजे. बहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, तो फावडं घेऊन चरात उतरला. सळयांपासून सुरुवात करून रोज चार-पाच फूट पुढे. जोड आला की तो चिंधीने पुसायचा, लाल रेघ बघायचा आणि पुढे सरकायचा. उठताना हात वर करायचा, धाकटा तो धरून त्याला ओढून बाहेर काढायचा. मी खणतो म्हटलं तर म्हणायचा, "तुला बघून कळायचं नाही."

धाकटा रोज ठरवायचा की आज बोलायचं. चहाच्या वेळी सांगू म्हणायचा, चहा प्यायला जायचा, दादा पट्टीबद्दल बोलत राहायचा. सहा दिवस असे गेले. शब्द ओठांवर येतात वगैरे लोक म्हणतात, त्याचे ते पोटातून वर सरकतच नव्हते. शनिवारी दुपारी चर चेंबरपाशी पोहोचला.

दादाने झाकण बाजूला केलं आणि चाकूने चिकटपट्टी कापली. ग्रीस वाळून पिवळट झालं होतं. ते त्याने चिंधीने निपटून काढलं, नट स्वच्छ केले आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

"हा रंग बघ," तो म्हणाला.

धाकट्याने वाकून पाहिलं. अकरा वर्षं हवा न लागल्यामुळे रेघ कालच ओढल्यासारखी होती. ती लाल नव्हती. गडद वांगी रंगाची होती.

"ही तिची नवी बाटली," दादा म्हणाला. "मीच आणली होती, त्याच महिन्यात. बदल म्हणून. मी ती कामाला कधी वापरलीच नाही." त्याने बोट रेघेवर ठेवलं. "त्या दिवशी पावसात मला रेघ दिसली, रंग नाही दिसला. म्हणजे हा जोड मध्ये कोणीतरी उघडला होता."

आता दादा वर बघेल, असं धाकट्याला वाटलं. पण दादा रेघेकडेच बघत होता आणि त्याचा आवाज भलताच मऊ झाला होता.

"तिनेच उघडला असणार. घरघर होते म्हणून तू किती कुरकुरायचास. जेवतानाही तेच. तिला तुझं कौतुक फार. भावजींना ऐकू येत नाही म्हणून तिने सोडला असेल, आणि मग माझ्या भीतीने परत आवळला असेल, रेघसुद्धा ओढली. बाईच्या हाताने कितीसा आवळला जाणार. ढिला राहिला असेल." त्याने मान हलवली. "अकरा वर्षं मी माझे हात तपासतोय रे. आणि हे तिने केलं."

धाकट्याला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात तो अकरा वर्षांत तरबेज झाला होता. दादा त्याच्या दोषातून सुटला असता, धाकटा त्याच्या, आणि वहिनी काही उठून सांगायला येणार नव्हती. दादाने पिशवीतून पाना काढला. पाना नटाला लागला असता तर नटानेच सांगितलं असतं, की हा बाईच्या हाताने आवळलेला नाही. पण पाना टेकायच्या आधी धाकटा बोलला, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"दादा, वहिनीने नाही. मी सोडला होता."

पाना दादाच्या हातातच राहिला.

"किती दिवस?"

"नऊ."

"आणि आवळला कधी?"

"तू दवाखान्यात तिच्याजवळ होतास. मला तिची साडी आणायला घरी पाठवलंस. तेव्हा."

"साडीबरोबर बाटली काढलीस तर."

धाकट्याने मान डोलावली. ती बाटली तिच्या फणीशेजारी उभी होती. लाल कुठे आहे ते शोधायला त्याला वेळ नव्हता. आपले हात तेव्हा अजिबात थरथरले नव्हते, हे त्याला आठवलं आणि स्वतःची किळस आली.

दादाने पाना पिशवीत ठेवला, मग पुन्हा काढला, मग ठेवला. त्याचं तोंड उतरून एवढंसं झालं होतं. तो ओरडला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

"घरघर थांबली होती का?" दादाने विचारलं.

"थांबली होती."

"मग ऐकू आला तुला तो?"

"एकदा आला. आठव्या दिवशी. आमच्याकडे आकाश स्वच्छ आहे म्हणाला."

दादा उठायला लागला. धाकट्याने सवयीने हात पुढे केला. दादाने फावडं जमिनीत रोवलं, दांड्यावर भार टाकला. पहिल्यांदा गुडघा मुडपला, दुसऱ्यांदाही मुडपला. तिसऱ्यांदा तो उभा राहिला आणि चरातून स्वतःच वर आला. धाकट्याचा हात तसाच पुढे होता, तो त्याने खाली घेतला.

अकरा वर्षांपूर्वी दादा पाठीवर हात ठेवून एक वाक्य म्हणाला होता, तसलं काहीतरी तो आताही म्हणेल म्हणून धाकटा वाट बघत उभा राहिला. दादा नळावर हात धुऊन घरात गेला. थोड्या वेळाने खिडकीतून त्याचा फोनवरचा आवाज आला. भूगोलाच्या बाईंशी बोलत होता. सोमवारी ट्रकबरोबर मीच येतो, म्हणाला. टॉवर मीच उभा करीन, माझ्या हातात दोष नाही. तुम्ही चर तेवढा खणून ठेवा, आणि नेलपॉलिशची एक बाटली लागेल, रंग कुठलाही चालेल.

मग बाईंनी पलीकडून काहीतरी विचारलं असावं. काय विचारलं ते धाकट्याला कळलं, कारण पूर्वी दादा टॉवर उभारायला निघाला की तारेची गुंडाळी खांद्यावर घेऊन बरोबर तोच जायचा.

"नाही," दादा म्हणाला. "तो येणार नाही. मी त्याला जोडाला हात लावू देणार नाही."